फ्रीज उघडायचा तर पाटावर उभं राहा!

वाईला माझं आजोळ. एका चौकाचा जुना वाडा, पण मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा आठ-नऊ मावस-मामे भावंडांना पुरून उरायचा. तिथे नियम फार नव्हते. भर उन्हात घाटावर जायचं नाही, आडात वाकून बघायचं नाही, आणि फ्रीज उघडायचा तर पाटावर उभं राहायचं.

पहिले दोन नियम कळायचे. तिसरा मात्र अजब होता. ही १९८०च्या आसपासची गोष्ट. मामाने कुणाकडून तरी एक वापरलेला फ्रीज आणला होता. पांढरा, गोल खांद्यांचा, दाराला चकचकीत धातूची मूठ. स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आणि फ्रीजच्या पुढ्यात कायमचा मांडलेला एक सागवानी पाट, जणू तिथे कुणाला जेवायला वाढायचंय! का म्हणून विचारलं की आजी म्हणायची, "अगं, चावतो तो."

एका दुपारी मी मोरीत हातपाय धुतले आणि तशीच धावत फ्रीजकडे गेले. पन्हं हवं होतं. पाट कुणीतरी बाजूला सरकवला होता. ओले पाय फरशीवर, ओला हात मुठीवर, आणि बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या! मुंग्यांची रांग कातडीच्या आतून पळत गेल्यासारखी. मी किंचाळले आणि हात ओढून घेतला. आजीने पोटाशी धरलं. आजोबा काहीच बोलले नाहीत, नुसते त्या फ्रीजकडे बघत राहिले.

रात्री माडीवर अंथरुणात पडल्या पडल्या डोक्यात एकच चक्र. फ्रीज तोच, मी तीच. पाटावर उभी राहिले तर चावत नाही, फरशीवर उभी राहिले तर चावतो. मग चावतो कोण, फ्रीज की फरशी?

तुम्ही काय म्हणाल? थांबा, लगेच उत्तर देऊ नका. आधी वीज तुमच्या घरापर्यंत येते कशी, ते बघू.

गल्लीच्या टोकाला किंवा गावाबाहेर दोन खांबांच्या मध्ये एक राखाडी पेटारा असतो. सगळे त्याला डीपी म्हणतात. तो ट्रान्सफॉर्मर. तिथून तुमच्या घरात मुख्यतः दोन तारा येतात. एक फेज, दुसरी न्यूट्रल. वीज फेजमधून येते, तुमचा दिवा पेटवते आणि न्यूट्रलमधून डीपीकडे परत जाते. (खरं तर ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे झुलत असते, पण झुलायलासुद्धा वाट दोन्ही बाजूंनी मोकळी लागते, म्हणून "येते-जाते" म्हटलं तरी आपलं काम भागेल.) विजेचा एक हट्ट कायम लक्षात ठेवा. परत जायला वाट असेल तरच ती निघते. वाट नसेल तर तारेत नुसती दबा धरून बसते.

म्हणून तर तारेवर वेडा राघू आरामात बसतो. दोन्ही पाय एकाच तारेवर. त्याच्या अंगातून वीज जाऊन जाऊन जाणार कुठे? पुढे वाटच नाही. तो मजेत शेपटी हलवतो, किडा पकडायला झेपावतो आणि पुन्हा तिथेच येऊन बसतो.

आता गंमत ऐका. डीपीजवळ कधी कुंपणाबाहेरून, लांबूनच, नीट निरखून बघा. त्या पेटाऱ्यापासून एक पट्टी किंवा जाड तार खांबावरून उतरून सरळ जमिनीत शिरलेली दिसेल. डीपीची न्यूट्रल अशी मुद्दाम जमिनीला जोडलेली असते. म्हणजे काय झालं? आपल्या पायाखालची माती, ओली फरशी, आडातलं पाणी, नदीकाठचा चिखल, हे सगळं मिळून डीपीकडे परत जाणारी एक भलीमोठी वाट झाली. ही वाट सगळीकडे आहे आणि आपण कायम तिच्यावरच उभे आहोत.

जमीन परतीच्या तारेचं काम करू शकते हे तारायंत्र बनवणाऱ्यांना कळलं तेही असंच, एका फसलेल्या प्रयोगातून. १८३८ साली जर्मनीत म्युनिकचे एक प्राध्यापक, कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल, तारायंत्रावर काम करत होते. तारायंत्राला दोन तारा लागायच्या, एक संदेश न्यायला आणि एक परतीची. श्टाइनहाइलना वाटलं, न्यूरेम्बर्ग ते फ्युर्थ अशी नवी रेल्वे झालीच आहे, तर तिचे रूळच तारा म्हणून वापरून बघू. पण वीज एका रुळातून निघायची आणि पुढच्या टोकाला पोचायच्या आधीच जमिनीतून दुसऱ्या रुळात गळून जायची. दुसरा कुणी असता तर वैतागून घरी गेला असता. त्यांनी मात्र उलटा विचार केला. जमिनीतून वीज इतकी सहज जात असेल, तर परतीची तार हवी कशाला? त्यांनी एकच तार ओढली, दोन्ही टोकांना धातूचे पत्रे जमिनीत पुरले आणि परतीचं काम जमिनीवर सोपवलं. संदेश बरोबर पोचला! त्यानंतर जगभर तारायंत्रांच्या मैलोन्‌मैल तारा वाचल्या.

श्टाइनहाइलच्या त्या पुरलेल्या पत्र्याची आणि माझ्या ओल्या पायाची जात एकच. फ्रीजच्या आत कुठेतरी फेजची तार पत्र्याला लागत होती. फ्रीजचं सगळं अंग विजेने भारलेलं, पण फ्रीज उभा लाकडी स्टँडवर, त्यामुळे परतीची वाट नाही. वीज तिथे दबा धरून बसलेली, वेड्या राघूच्या तारेत असते तशीच. मी मूठ धरली आणि वाट तयार झाली. फ्रीज, हात, छाती, पाय, फरशी, जमीन, डीपी. पाटावर उभं राहिलं की कोरडं सागवान मध्ये यायचं आणि ती वाट तुटायची. म्हणजे फ्रीज एकटा चावत नव्हता आणि फरशीही नाही. दोघांनी मिळून मला मधली तार केलं होतं.

आता थोडं गणित, भागाकार तर येतोच तुम्हाला. वाटेतल्या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. आपली कातडी कोरडी असेल तर तिचा रोध खूप असतो, हजारो ओहम. पण ओल्या हातापायांनी तो उतरून १००० ओहमच्या आसपास येतो. घरातला विजेचा दाब २३० व्होल्ट. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलीअँपिअर. हे जास्त की कमी? साठ वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून साधारण २६० मिलीअँपिअर जातात. म्हणजे बल्बातून जाते जवळजवळ तेवढी वीज. पण आपलं हृदय त्याहून कितीतरी नाजूक आहे. शंभर मिलीअँपिअर छातीतून गेले तरी त्याची लय बिघडू शकते, ते नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकलायचं थांबतं. त्या दिवशी मी वाचले, कारण फ्रीजची तार पत्र्याला पुरती टेकलेली नव्हती. जीर्ण, दमट रबरातून थोडीशीच वीज झिरपत होती. ते रबर आणखी थोडं फाटलेलं असतं, तर हा लेख तुम्हाला कुणी लिहिला नसता. हे मी घाबरवायला लिहीत नाही. लहानपणी कुणीतरी मला हे सांगायला हवं होतं, म्हणून लिहिते.

दुसऱ्याच दिवशी आजोबांनी वायरमनकाकांना बोलावलं. काकांनी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि फ्रीज भिंतीपासून पुढे ओढला. मग म्हणाले, "अण्णा, फ्रीजचं सोडा. आधी हे बघा." आणि त्यांनी भिंतीवरची लाकडी पट्टी दाखवली.

वाड्यात पट्टी फिटिंग होतं. तुमच्यापैकी कुणी जुन्या घरात राहत असाल तर तुमच्याकडेही असेल. भिंतीत लाकडी गट्टू ठोकायचे, त्यांवर सागाची अरुंद पट्टी स्क्रूने बसवायची, पट्टीवर वायर आणि दर चार बोटांवर पत्र्याची छोटी क्लिप वळवून वायर घट्ट धरायची. जुन्या कारागिरांचं काम इतकं सरळ असायचं की ओळंबा लावून बघावा. खोलीच्या दाराशी काळा, गोल, बेकेलाइटचा स्विच, दाबला की "टॉक्" असा भरदार आवाज करणारा. आणि देवळीशेजारी चिनीमातीचा पांढरा किटकॅट फ्यूज. मला ते सगळं फार आवडायचं, अजून आवडतं.

पण काकांनी एका क्लिपेखालची वायर नखाने नुसती खरवडली आणि तिच्यावरच्या रबराचा खारीसारखा चुरा पडला. आतली तांब्याची तार उघडी! रबराला हवा आणि ऊब लागत राहिली की ते वर्षानुवर्षं हळूहळू कडक होतं, तडकतं आणि गळून पडतं. कुणी काही केलेलं नसतं. उंदीर नाही, पाऊस नाही, नुसतं वय. पट्टीवर वायर तशीच सरळ दिसते आणि आत ती उघडी पडलेली असते.

शिवाय ती वायर घातली तेव्हा घरात चार बल्ब आणि एक रेडिओ होता. आता त्याच वायरींवर लोक काय काय चालवतात! २००० वॉटचा गिझर लावला तर साठच्या बल्बाच्या तेहेतीस पट विद्युतधारा त्यातून धावते. आणि उष्णता? ती नुसती तेहेतीस पट होत नाही. विद्युतधारा दुप्पट झाली तर त्याच वायरीत उष्णता चौपट होते, तिप्पट झाली तर नऊपट. तेहेतीस पटीला किती? तेहेतीस गुणिले तेहेतीस. करून बघा. हजाराच्या पुढे जाते! जुन्या घरात भिंतीतून जळक्या रबराचा वास येतो किंवा प्लग हाताला गरम लागतो, तेव्हा हेच गणित आत चाललेलं असतं. असा वास आला तर लगेच घरातल्या मोठ्यांना सांगा, रात्र असली तरी उठवून सांगा.

किटकॅटमध्ये बारीक तार बसवतात ती याचसाठी. विद्युतधारा जास्त झाली की सगळ्यात आधी ती वितळते आणि घर वाचतं. ती तार मुद्दाम दुबळी असते. पण सारखा फ्यूज उडतो म्हणून काही जण तिथे जाड तार गुंडाळून ठेवतात. मग फ्यूज उडत नाही. उडते ती भिंतीतली वायर. हे पाहिलं की माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं.

आता येऊ आपल्या मुख्य गोष्टीकडे, सॉकेटच्या तिसऱ्या भोकाकडे. घरात इस्त्रीचा किंवा मिक्सरचा प्लग मोकळा पडला असेल तर तो हातात घ्या. बोर्डात घातलेला नको हं, मोकळाच. तीन पिना. दोन सारख्या, तिसरी वरची जाड आणि लांब. जाड का? म्हणजे ती चुकूनही दुसऱ्या भोकात जाऊ नये. आणि लांब का? प्लग आत ढकलताना सगळ्यात आधी ती टेकते आणि बाहेर काढताना सगळ्यात शेवटी ती सुटते. वीज यायच्या आधी राखणदार हजर आणि वीज गेल्यावरच तो निघणार. ही अर्थिंगची पिन. तिची तार हिरवी, आताशा हिरवी-पिवळी, आणि ती इस्त्रीच्या किंवा फ्रीजच्या पत्र्याला जोडलेली असते. दुसरं टोक भिंतीतून जातं ते थेट जमिनीत.

वाड्यात तिसरं भोकच नव्हतं. दोन भोकांचे जुने सॉकेट आणि फ्रीजच्या तीन पिनांच्या प्लगला एक तडजोडीचा जोड लावून तो त्यात बसवलेला. हिरवी तार फ्रीजपासून प्लगापर्यंत येत होती आणि तिथेच संपत होती, नदीपर्यंत न पोचणाऱ्या पायवाटेसारखी. कित्येक घरांत याहून वेगळी फसवणूक असते. बोर्ड नवा, भोकं तीन, पण तिसऱ्या भोकामागे तारच नाही! बाहेरून कुणाला कळणार? वायरमनलाच तपासायला सांगावं लागतं. आणि काही ठिकाणी तर पिना नसलेल्या उघड्या तारा भोकात घालून आगकाडी खुपसून अडकवतात, नाहीतर वरच्या भोकात पेन घालून दोन पिनांचा प्लग दामटतात. तुम्ही यातलं काहीही करायचं नाही. कुणी करताना दिसलं तर आरडाओरडा करा, माझ्याकडून परवानगी आहे.

काकांनी परसात खड्डा घ्यायचं ठरवलं. आम्ही पोरं कडेने उभी. भिंतीपासून थोडं लांब पहारीने खणायला घेतलं, तर हातभर माती, मग मुरूम आणि मग ठणठणीत काळा दगड. आपल्या सह्याद्रीचा हा काळा पाषाण कोरडा असला की विजेला फार अडवतो. काळी ओली माती मात्र तिला पटकन वाट देते. मग काकांनी जागा बदलली. मोरीचं पाणी जिथे केळीच्या आळ्यात मुरायचं, त्याच्या शेजारी खणलं. तिथे दगड खोल होता आणि माती कायम गार. माणूस आत उभा राहिला तर बुडेल एवढा खड्डा झाल्यावर त्यात भोकं पाडलेला लोखंडी गॅल्व्हनाइज्ड पाइप उभा केला. भोवती एक थर लोणारी कोळशाचा, एक थर जाड्या मिठाचा, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. आजी वरून म्हणाली, "लोणचं घालताय की काय?"

मीठ कशाला? मीठ ओलाव्यात विरघळतं, त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात आणि तेच मातीतून वीज वाहून नेतात. कोळसा ओलावा धरून ठेवतो आणि स्वतःही वीज जाऊ देतो. (मिठाने पाइप गंजतो, म्हणून काही वर्षांनी तो बघावा लागतो. आता याऐवजी तयार मिश्रण भरूनही अर्थिंग करतात.) पाइपाच्या तोंडाशी एक नरसाळं बसवलं, वर दगडी चौकट, आणि पाइपापासून जाड तार घरात. ती तार आधी फ्रीजपर्यंत आली, नंतर एकेका खोलीत पोचली. पट्टी फिटिंग पूर्ण बदलायला पुढे दोन वर्षं लागली, कारण पैसे लागत होते. पण फ्रीजची नवी वायर आणि हिरवी तार त्याच आठवड्यात झाली.

आता वीज फ्रीजच्या पत्र्यात आली तरी तिच्यासमोर दोन वाटा. एक हिरव्या तारेची, चार-पाच ओहमची. दुसरी माझ्या अंगातून, १००० ओहमची. लोक म्हणतात वीज सोपी वाट निवडते. तसं नाही. ती सगळ्या वाटांनी जाते, सोप्या वाटेने खूप जास्त, अवघड वाटेने अगदी थोडी. हिरवी तार जवळजवळ सगळी वीज आपल्याकडे ओढून घेते. आणि फेज पत्र्याला पुरती टेकली, तर? पूर्ण वाटेचा रोध पाच ओहम धरा. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. पंधरा अँपिअरचा फ्यूज काही सेकंदांत वितळतो आणि फ्रीजमधली वीज जाते. बहुतेक वेळा कुणी हात लावायच्या आधीच!

पण आता एप्रिल-मे आठवा. जमीन भेगाळलेली, खड्डा कोरडा. समजा रोध पाचाचा पन्नास झाला. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. पंधराचा फ्यूज एवढ्याने ढिम्म हलत नाही. फ्रीजचा पत्रा भारलेला तो भारलेलाच राहतो. भिंतीत तीन भोकं आहेत, हिरवी तार आहे, खड्डा आहे आणि तरीही पत्र्यात वीज आहे. म्हणून होळी झाली की आजोबा रोज संध्याकाळी केळीला पाणी घालायचे आणि एक बादली त्या नरसाळ्यात. माझा धाकटा मामेभाऊ कित्येक दिवस तिथे बसून बघायचा, की याला अंकुर कधी फुटणार!

जमीन कोरडी पडली तरी, हिरवी तार कुठे तुटली तरी, माणूस वाचावा म्हणून आता घरात आणखी एक पेटी बसवतात. आरसीसीबी. वायरमन लोक तिला अजूनही ईएलसीबी म्हणतात. ती काय करते सांगू? सहलीहून परतताना बाई बसच्या दारात उभ्या राहून मुलं मोजतात ना? चाळीस गेली, चाळीस आली पाहिजेत. एकोणचाळीस आली की बस हलत नाही. ही पेटी तेच करते. फेज आणि न्यूट्रल, दोन्ही तारा एका लोहचुंबकीय कड्यातून जातात. जेवढी वीज गेली तेवढीच परत आली तर दोन्हींचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात. पण थोडी वीज तुमच्या अंगातून जमिनीत गेली, तर परत येणारी कमी भरते, कडं ते ओळखतं आणि पेटी सगळ्या घराची वीज तोडते. किती कमी भरली तर? घरच्या पेटीला ३० मिलीअँपिअर पुरतात. वेळ? सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी.

हा ३०चा आकडा नीट कळायला चार्ल्स डॅल्झिएल माहीत हवेत. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात ते प्राध्यापक होते. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. माणसाने भारलेली तार धरली तर ती त्याला सोडता का येत नाही? कारण आपल्या स्नायूंना हुकूम मेंदूकडून विजेच्याच रूपात जातात. बाहेरची वीज जास्त झाली की ती मेंदूचा आवाज दाबून टाकते आणि मूठ आणखी घट्ट आवळली जाते. डॅल्झिएलनी स्वतःहून तयार झालेल्या माणसांच्या हातात तार देऊन, विद्युतधारा अगदी हळूहळू वाढवत, कुठल्या आकड्याला मूठ उघडत नाही ते मोजलं. पुरुषांची सरासरी आली १६ मिलीअँपिअर, बायकांची साडेदहा. एवढीशीच! मूठ सुटण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता, वीजच तुटायला हवी होती, आणि तीही हृदयाची लय बिघडवणाऱ्या त्या शंभर मिलीअँपिअरच्या पुष्कळ आधी. १९६१ साली त्यांनी गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण बनवलं.

कुणाला शॉक बसून तो चिकटलेला दिसला, तर तुम्हीही त्याला हाताने ओढायचं नाही, ते याचमुळे. तुम्हीसुद्धा त्याच वाटेचा भाग व्हाल. मेन स्विच बंद करायचा आणि मोठ्यांना हाक मारायची.

पेटी सर्वशक्तिमान नाही, तेही सांगते. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली तर जेवढी वीज जाते तेवढीच परत येते, मोजणी बरोबर भरते आणि पेटीला वाटतं बल्बच लावलाय. तेव्हा पेटी आहे म्हणून बोर्डात बोटं घालायची नसतात. आणि पेटीवर "टी" असं एक बटण असतं, ते महिन्यातून एकदा मोठ्यांसमोर दाबून बघायचं. वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर पेटी बिघडली आहे.

मोबाइलच्या चार्जरला दोनच पिना का, असं मला शाळांमधून हमखास विचारतात. चार्जर उलटा करून बारीक अक्षरं बघा. एका चौकोनात दुसरा चौकोन दिसेल. त्याचा अर्थ, आत विजेभोवती दोन आवरणं आहेत, बाहेर हाताला लागेल असा पत्रा नाही, म्हणून याला हिरव्या तारेची गरज नाही. घरात असे किती चौकोन सापडतात, शोधा बरं.

आणि एक गोष्ट खेड्यातल्या माझ्या दोस्तांसाठी. पावसाळ्यात विजेच्या खांबापाशी म्हैस दगावते आणि शेजारून गेलेला माणूस वाचतो, असं तुम्ही ऐकलं असेल. ओल्या खांबातून वीज जमिनीत गळत असेल तर ती तळ्यातल्या वलयांसारखी पसरते आणि लांब जाताना तिचा दाब कमी कमी होतो. म्हशीचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब, म्हणजे दोन वेगळ्या वलयांत. दाबात फरक पडतो आणि वीज एका पायातून चढून छातीतून जाऊन दुसऱ्या पायातून उतरते. माणसाची दोन पावलं जवळ असतात, फरक कमी. तरी तुम्ही अशा खांबाला, त्याच्या ताणाच्या तारेला हात लावू नका, गुरं बांधू नका. आणि कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधलेली असेल तर घरच्यांना सांगून तिथे नायलॉनची दोरी बांधून घ्या. घरातली एखादी सोललेली वायर त्या तारेला टेकते, ओले कपडे, ओले हात, ओलं अंगण... पुढचं तुम्हाला आता कळतंच.

परवा वाईला गेले होते. पट्टी फिटिंग केव्हाच गेलं, सगळी वायरिंग नवी, खोलीखोलीत तीन भोकांचे सॉकेट. दाराशी एक काळा बेकेलाइटचा स्विच मात्र मामाने तसाच ठेवलाय, नुसता आठवणीला, त्याला तार नाही. आरसीसीबीचं "टी" बटण दाबायचं काम माझ्या सहावीतल्या भाचीकडे आहे, एक तारखेला, मामाच्या देखत. ती स्टुलावर चढली आणि "टक्क"! मिक्सर थांबला, पंखा मंदावला आणि स्वयंपाकघरातून मामी ओरडली, "अगं, सांगून तरी दाबत जा!" भाचीने खटका वर केला, वहीत तारीख लिहिली आणि बादली उचलून केळीकडे गेली. नरसाळ्यात पाणी ओतताना ती कान लावून ऐकत होती. खाली मातीत ते मुरतं, त्याचा आवाज येतो म्हणे.